बारा कुप्या आणि काकूंचा उंबरा

दिनांक ८ मार्च १९७९, गुरुवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. गाडी इगतपुरीच्या फलाटावर उभी होती. समोरच्या बाकावरचे कुटुंब कागदात बांधलेले गरम वडे खात होते, आणि मी खिडकीशी बसून लवंगेच्या तेलाची कुपी आधी उजव्या, मग डाव्या नाकपुडीशी धरून पाहत होते. नोंद केली: शून्य.

या नोंदीचे कारण आधी सांगितलेले बरे. जानेवारीत मला आठवडाभर ताप आला. ताप गेला, अशक्तपणा गेला, आणि त्यांच्या पाठोपाठ वास घेण्याची माझी शक्तीही गेली. डॉक्टरांनी नाक तपासले. नाक उत्तम होते. आतले मज्जातंतू दुखावले असावेत, असे ते म्हणाले. वास परत येईल किंवा येणार नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ही एक गैरसोय ठरली असती. मी मात्र सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले होते, आणि सुगंध व स्वाद तयार करणाऱ्या ठाण्याच्या एका कारखान्याने प्रयोगशाळेतील जागेसाठी माझी पहिली मुलाखत घेतली होती. त्या प्रयोगशाळेत तोवर एकही स्त्री नव्हती. "लग्न झाल्यावर काय करणार?" असा प्रश्न आला, तेव्हा "वास घेईन," असे उत्तर मी दिले होते, आणि समोरच्या तिघांपैकी निदान एकाला ते आवडले होते. दुसरी फेरी २ एप्रिलला व्हायची होती: कागदाच्या वीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक गंध, किमान सोळा ओळखायचे.

वास नसलेले जग भयंकर असते असे नाही; ते दूर असते. सगळे काचेपलीकडे चालल्यासारखे दिसते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढेच कळते. ज्याला आपण चव म्हणतो त्याचा बहुतेक भाग नाकाच्या वाटेने येतो. त्यामुळे माझे जेवण म्हणजे केवळ चावण्याचे काम झाले होते. गिरगावात घरी रोज सकाळी कोणी ना कोणी विचारी, "आज काही येतोय का?" शेवटी कुसुमने नाशिकला बोलावले, आणि मी बारा कुप्यांची लाकडी पेटी घेऊन निघाले. प्रत्येक कुपीत एकेक तेल किंवा अर्क होता. काही नुसते झोंबले किंवा थंड लागले, तर तो वास मानायचा नाही. तो दुसऱ्याच मज्जातंतूचा निरोप, असा माझा नियम होता.

द्वारकेपलीकडे

कुसुम आणि मी शिकताना एका वसतिगृहात दोन वर्षे एकाच खोलीत राहिलो होतो. आता ती नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिथल्या द्वारकेच्या चौकात ट्रक आणि एस.टी. यांच्या गर्दीतून तिने मला शोधले आणि चालता चालता मी तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "नाक गेलेल्या बाईला यायला हेच गाव सापडलं? याचं नावच नाकावरून पडलंय म्हणतात."

नाशिकविषयी माझी कल्पना भूगोलाच्या पुस्तकाएवढी होती: घाट, देवळे, कांदे, द्राक्षे. पण हे गाव मला अकस्मात आवडले, आणि त्याचे कारण मला पुष्कळ वेळ सापडेना. मार्चातल्या सकाळी तिथे अजून अंगावर शाल घ्यावी लागे. जुन्या गावातल्या गल्ल्या उताराने नदीकडे जात, आणि त्यांत शिरले की पाय आपोआप खालच्या दिशेने चालू लागत, जणू गावच आपल्याला हाताला धरून पाण्याकडे नेत आहे. ऊन स्वच्छ होते. मुंबईत ऊन चिकटते. इथे ते नुसते पडलेले असे.

कुसुमचे घर एका कॉलनीत होते: बैठी, एकाला एक लागून असलेली घरे, पुढे तुळशीएवढ्या जागेत जास्वंद, मागे धुण्याचा दगड. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती होती. कुसुमचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. "जयभीम," असे म्हणून त्यांनी माझी पिशवी घेतली आणि आत निघून गेले. फार बोलणारे गृहस्थ नव्हते. ती कसर काकू भरून काढत.

काकूंना मुलीकडून एवढेच कळले होते की मला वास ओळखण्याची नोकरी मिळणार आहे. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ओळीला कळले. मला वास येत नाही हे फक्त कुसुमला ठाऊक होते, आणि ते मी सांगेपर्यंत ती सांगणार नव्हती. शेजारच्या यमुनाबाई दारातून डोकावून मला पाहून गेल्या आणि "एवढंसंच तर नाक हाय," असे निदान करून परतल्या.

रविवारची मिसळ

रविवारी सकाळी अण्णांनी आम्हा दोघींना मिसळ खायला नेले. दुकान जुन्या गावात, दोन पायऱ्या उतरून, अंधारे. लाकडी बाके आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. मला मिसळीविषयी उत्साह नव्हता. गिरगावातली मिसळ मी पुष्कळ खाल्ली होती, आणि आता तर माझ्या लेखी सगळेच पदार्थ सारखे होते.

ते सारखे नाहीत, हे मला त्या अंधाऱ्या दुकानात कळले. ताटलीत मोड आलेली मटकी होती, तिच्यावर शेव आणि चिरलेला कांदा; बाजूला पापड, वाटीत गार दही, आणि एका वेगळ्या वाटीत काळपट लाल रस्सा, वर तेलाचा चमकता थर. आमच्याकडे सगळे एकत्र करूनच समोर येते. इथे मालक काहीच एकत्र करत नाही. ते काम खाणाऱ्याचे. मी थोडा रस्सा ओतला. पहिल्या घासात शेव अजून कुरकुरीत होती, मटकी दाताखाली किंचित प्रतिकार करून फुटली, आणि मग तिखट आले. मागून दही आले, गार. दुसऱ्या घासापर्यंत शेव मऊ झाली होती. तिसरा घास पुन्हा निराळा. वासाची मदत न घेता हा पदार्थ माझ्याशी बोलत होता: कडकपणाने, ओलाव्याने, उष्णतेने, दाहाने. तिखट ही चव नव्हे, वेदना आहे. आणि ती वेदना माझ्याकडे अजून शाबूत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी ताटलीकडे भुकेने पाहिले.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मालकाने न विचारता रस्स्याची वाटी पुन्हा भरली.

"पहिल्यांदा सगळे रडतात," अण्णा म्हणाले.

त्यानंतर गरम जिलेबी आली. तिखटाने पोळलेल्या जिभेवर ती ठेवली, तेव्हा गोड ही एक जागा असते आणि तिथे जाऊन बसता येते, असे मला वाटले. हे वाक्य शास्त्रीय नाही. पण त्या सकाळी बाहेरच्या गल्लीतले ऊन, दुकानातला अंधार आणि तोंडातला तो गोडवा यांत मी काही वेळ कुठे होते ते मला खरोखरच सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळच्या कुप्या: शून्य.

गंगेच्या पलीकडे

नाशिकमध्ये गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर जाऊन येते," असे म्हणून कुसुम भाजी आणायला निघे. मीही दोन दिवसांत गंगा म्हणू लागले.

पलीकडे पंचवटी. पुलावरून पाहिले तर घाटावर एकाच वेळी कोणी स्नान करीत आहे, कोणी कपडे धूत आहे, कोणी मुंडन करून बसले आहे आणि कोणी कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात बुचकळत आहे. मुंबईत प्रत्येक गोष्टीला वेगळी जागा असते. इथे सगळ्यांना मिळून एकच पाणी होते आणि कोणाचे कोणामुळे अडत नव्हते. अण्णा आमच्याबरोबर होते. एका मोठ्या काळ्या दगडी मंदिराशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "माझे वडील इथं उभे होते. या दाराबाहेर." एवढेच सांगून ते पुढे भाजीबाजारात गेले आणि मेथी निवडू लागले. त्या वाक्यामागे काय होते हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही विचारायची गरज वाटली नाही. ती दारे अनेक वर्षे कोणासाठी बंद होती, ते महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

फुलांची दुकाने एका ओळीत होती. टोपल्यांतून गुलाबांचे ढीग, लाल आणि फिकट गुलाबी, वर पाण्याचे थेंब. या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणत, असे कुसुमने सांगितले. फूलवालीने एक गुलाब माझ्या नाकाशी धरला. पाकळी ओठांना गार लागली. बाकी काही नाही. कोणत्याही कुपीच्या शून्यापेक्षा हे शून्य मला जास्त लागले, कारण फूलवाली माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तिथे जे दिसायला हवे ते तिला दिसत नव्हते. मी पैसे दिले, गुलाब कुसुमच्या केसांत खोचला आणि पुन्हा त्या ओळीकडे गेले नाही.

त्याऐवजी द्राक्षे घेतली. कळकाच्या पाटीतली, धूळ बसल्यासारखी दिसणारी, लांबट. साल ताणलेली असते, दात लागला की फट्कन फुटते आणि आतून गार पाणी येते. ती खात आम्ही मागच्या गल्ल्यांतून परतलो. एका अंगणात लग्नघराचे मांडे चालले होते. चुलीवर खापर उपडे घातले होते, आणि बागलाणाकडची एक बाई दोन्ही हातांवर पुरणाचा उंडा झेलत झेलत तो मोठा करीत होती. तो मनगटापर्यंत आला, मग कोपरापर्यंत. उजेडात त्याच्या आरपार तिच्या बांगड्या दिसू लागल्या. मग एका हालचालीत तिने तो खापरावर अंथरला, एखादे झोपलेले मूल दुसऱ्या अंथरुणावर ठेवावे तसा. आम्ही दारात थांबलेलो पाहून तिने एका मांड्याचा तुकडा मोडून पुढे केला.

"गरम शे," ती म्हणाली.

गरम होताच. आणि इतका तलम की तो चावावा लागलाच नाही.

लेणी

मंगळवारी कुसुमला सुट्टी होती. पहाटे निघून आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर पांडवलेणी पाहायला गेलो. हे नाव पांडवांचे, पण लेणी बौद्ध भिक्षूंची. काकूंनी बरोबर चिवडा आणि उरलेली द्राक्षे दिली होती. वर पोहोचलो तेव्हा खाली सगळीकडे धुके होते आणि गाव अजून उगवायचे होते.

लेण्यांत शिरल्यावर आवाज बदलतो. कुसुमने हळू काही म्हटले तरी ते तिच्यापासून सुटून छताशी जाई आणि थोड्या वेळाने परत येई. भिंतींतून कोरलेल्या खोल्या, प्रत्येकीत दगडाचा एक ओटा, एका माणसाला निजण्यापुरता. मी एका ओट्यावर आडवी झाले. दगड गार होता, आणि मला वाटले की इथे निजलेला माणूस पावसाळाभर पाण्याचा आवाज ऐकत असेल, आणि त्याला उद्या काय होणार याची चिंता असेलच असे नाही. मला होती. मी उठले.

बाजूला खडकात कोरलेले पाण्याचे टाके होते. त्याच्या भिंतीवर शेवाळ आणि करड्या रंगाचे, कागदासारखे सुटलेले पापुद्रे होते. मी वाकून पाण्यावर चेहरा नेला. गारवा लागला, ओल लागली. गंध नाही. शून्य, असे मी कुसुमला सांगितले. ती म्हणाली, "आता प्रत्येक दगडाची नोंद ठेवणार आहेस का?" आणि तिने चिवड्याचा डबा उघडला. तो चिवडा चावताना डोक्यात इतका आवाज होत होता की मला हसू आले, आणि माझे हसूही छतापर्यंत जाऊन परत आले.

खवा

आता माझ्या फजितीविषयी. नाशिककडे, निदान त्या ओळीत, घरात काही नवे केले की शेजारी वाटीभर वानवळा पाठवायची रीत होती. वाटीवर कागद किंवा बशी झाकलेली. मी आल्यापासून पाहुणी म्हणून मला रोज काही ना काही येत होते: कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक, नागलीचे पापड, एकदा नुसते भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. बुधवारी दुपारी काकू बाहेर गेल्या असताना यमुनाबाईंची वाटी आली, तीत साखर घातलेला खवा. मी तो खाल्ला. मऊ, रवाळ, गोड. वाटी घासून ठेवली.

संध्याकाळी यमुनाबाई आल्या. त्यांच्या नातवाचे सिन्नरला बारसे होते, आणि त्यासाठी त्यांनी दोन शेर खवा आणला होता.

"काय म्हणतो खवा, मॅडम? आंबलाय का?"

मी म्हटले, छान होता. त्यांना उत्तर पुरेसे वाटले नाही. त्या म्हणाल्या, छान कसला, मला वास लागतोय म्हणून तर तुमच्याकडं हुंगायला दिला. मग त्यांना कोनाड्यातली घासलेली वाटी दिसली.

"सगळा खाल्ला?"

अशा प्रसंगी सत्य सांगणे सर्वांत सोपे असते. जानेवारीपासून मला वास येत नाही, असे मी त्यांना आणि मागून आलेल्या काकूंना सांगितले. २ एप्रिलचीही गोष्ट सांगितली. मग यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् मी समद्या ओळीत सांगत फिरले. तूप दाखवायला चार जणी यायच्यात उद्या." त्या हसू लागल्या, काकू हसू लागल्या, मीही हसले. "बरं, आता असं करा," यमुनाबाई जाता जाता म्हणाल्या, "पोट दुखलं तर खवा खराब. नाय दुखलं तर चांगला. सकाळच्याला सांगा."

सकाळच्या आतच माझ्या पोटाने निर्णय दिला. खवा खराब होता. परीक्षण अचूक होते, फक्त कोणत्याही प्रयोगशाळेत ही पद्धत मान्य होणार नाही.

काकू मला लाह्यांचे पाणी देत बसल्या. "परीक्षा जवळ आलीय, मग घरी राहून औषधपाणी करायचं सोडून इकडं का आलीस?" त्यांनी विचारले.

"घरी सगळे रोज विचारतात, आला का वास म्हणून."

"मी नाही विचारणार," काकू म्हणाल्या. आणि खरोखरच त्यांनी विचारले नाही. सकाळी कुसुम माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून कुप्या पुढे करी, तेव्हा काकू तिथून उठून जात.

उंबरा

काकूंच्या घरी वर्षाचा काळा मसाला शनिवारी व्हायचा होता. कांडपाच्या गिरणीत दुपारचा नंबर लागला होता. तो चुकला तर पुढे पंधरा दिवस मिळणार नव्हता. सकाळी सगळे जिन्नस एकेक करून तेलात परतायचे आणि गार झाले की न्यायचे. हे काम त्या ओळीत एका विशिष्ट रीतीने चाले. कढईशी बसलेल्या बाईचे नाक पहिल्या काही मिनिटांतच थकते. मग जिन्नस खमंग झाला की करपला हे तिला कळेनासे होते. आमच्या शास्त्रातही हे मान्य आहे, आणि प्रयोगशाळेत म्हणूनच मध्ये मध्ये बाहेर जाऊन उभे राहतात. इथे बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे माणूस बसवतात. दुसऱ्या घरची बाई पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर, स्वयंपाकघराकडे पाठ करून, गल्लीकडे तोंड करून बसते. घरच्या माणसांची नाके घराला सरावलेली असतात, म्हणून दुसऱ्या घरची. वास खोली ओलांडून उंबऱ्यापर्यंत आला आणि पुरता खुलला, की ती तिथूनच म्हणते, "काढा." काकूंच्या उंबऱ्यावर दर वर्षी यमुनाबाई बसत, आणि यमुनाबाईंच्या उंबऱ्यावर काकू.

पण यमुनाबाई बारशासाठी सिन्नरला गेल्या होत्या. कुसुम शाळेत होती. ओळीतल्या बाकीच्या बाया आपापल्या कढईशी.

"तू बैस," काकू मला म्हणाल्या.

"काकू, मला तर..."

"ठाऊक आहे मला. मी रंगावरनं काढीन. पण उंबरा रिकामा ठेवत नाहीत."

मी बसले. पाठीमागे स्टोव्हचा आवाज, पुढे गल्लीतले ऊन. मिरच्या आधी झाल्या. माझे डोळे चुरचुरले आणि मी "काढा" म्हटले. पण तो वास नव्हे, हे मी स्वतःला बजावले. मग खोबरे, तीळ, धणे, लवंग. काकू रंग पाहून एकेक उतरवत होत्या आणि मला मोठ्याने सांगत होत्या, जणू मी काही करतच होते. गल्लीत एक मांजर भिंतीच्या सावलीबरोबर सरकत होते. ऊन माझ्या पायांपर्यंत आले. अर्ध्या झोपेत असल्यासारखी मी त्या मांजराकडे पाहत होते.

मग काकू म्हणाल्या, "आता दगडफूल," आणि त्याच वेळी मागच्या दाराशी दूधवाला आला. त्याच्याशी त्यांचे काही बोलणे सुरू झाले. कालचे दूध पातळ होते, असे काहीतरी. दगडफूल, म्हणजे खडकावर उगवणारे वाळलेले पापुद्रे, मुळातच काळे-करडे असते. ते करपले तरी रंगावरून कळत नाही, आणि करपले तर सगळा मसाला कडू होतो. हे मला नंतर समजले. त्या क्षणी मी लेण्यांचा विचार करीत होते.

मी पुन्हा त्या टाक्यावर वाकले होते. खाली काळे पाणी, भिंतीवर सुटलेले करडे पापुद्रे, आणि दगडाचा, ओलीचा, जुन्या झाडाच्या सालीचा एक गंध. तो गंध किती छान आहे, असे मला वाटले. तो गंध वाढत गेला, त्यात किंचित धूर आला, आणि मग मला प्रश्न पडला: मंगळवारी त्या टाक्याशी मला काहीच आले नव्हते. शून्य, असे मी स्वतः सांगितले होते. जे तिथे मिळालेच नाही ते आता आठवेल कसे?

ते आठवत नव्हते. ते माझ्या पाठीमागून येत होते.

"काढा, काकू," मी म्हटले.

स्टोव्हचा आवाज थांबला. कढई खाली ठेवल्याचा आवाज आला. काकू पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी वळून पाहिले नाही. वळले तर ते जाईल, अशी एक अशास्त्रीय भीती मला वाटत होती.

"आला का?" त्यांनी विचारले. पहिल्यांदाच.

मी मान हलवली. त्या स्वयंपाकघराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अजून नागकेशर राहिलंय. बैस तिथंच."

परतताना

बाकीचे गंध उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे, एकेक करून, न सांगता आले. सोमवारी रस्त्याने जाताना मला कोणाच्या तरी घरातली फोडणी कळली आणि मी त्या घरासमोर उगाच उभी राहिले. मिसळीचा रस्सा मी पुन्हा खाल्ला. आता तो केवळ दाह नव्हता. त्यात खोबरे होते, लवंग होती, आणि तळाशी ते ओले दगडफूल. आधीची मिसळ मला अधिक स्पष्ट आठवते आणि नंतरची अधिक आवडली; या दोन विधानांत विसंगती नाही. जिरे पहिल्या दिवशी घामासारखे आले, दुसऱ्या दिवशी जिऱ्यासारखे. वेलदोडा आला. आले, दालचिनी, लिंबू. गुलाबाची आणि मोगऱ्याची कुपी मात्र बंद दारासारखी राहिली. फुलांच्या ओळीकडे जायचे आम्ही दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा वाटेत काही खाण्यात वेळ गेला.

निघताना यमुनाबाई सिन्नरहून आल्या होत्या. त्यांनी बारशाचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हुंगा. मग खावा." काकूंनी काचेच्या बरणीत नवा मसाला भरून, वर फडके बांधून दिला. वानवळ्याची वाटी रिकामी परत द्यायची नसते. माझ्याजवळ द्यायला काही नव्हते, म्हणून मी लवंगेच्या तेलाची कुपी त्यांना दिली. त्यांनी ती उघडून नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "आपल्या मसाल्यातली बरी आहे." मलाही तसेच वाटले.

ठाणे

२ एप्रिलला लांब टेबलावर वीस पट्ट्या मांडल्या होत्या. खोलीत तिघे जण होते, तेच. मी एक पट्टी उचलायची, नाव लिहायचे, दाराबाहेर जाऊन दोन श्वास घ्यायचे आणि परत यायचे, असे केले. त्यांपैकी एकाने विचारले की प्रत्येक वेळी उंबऱ्याशी जाऊन का उभ्या राहता. नाक थकते, मी म्हटले. त्याने मान डोलावली.

मसाल्यांचे गंध मला भेटायला यावेत तसे आले. अकराव्या पट्टीवर दगडफुलाचा अर्क होता. अत्तरांत तो तळाला घालतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. मी नाव लिहिले, आणि माझ्या पायांवर क्षणभर गल्लीतले ऊन पडले.

शेवटच्या ओळीत तीन पट्ट्या अशा होत्या की त्यांवर मला काहीच मिळाले नाही. पहिल्या सतरांत एकही फूल नव्हते, तेव्हा ही फुले असणार, हे तर्काने कळत होते. गुलाब, मोगरा, चाफा असे अंदाजाने लिहिता आले असते, आणि नंतर कळले की ते बरोबरही ठरले असते. पण गुलशनाबादला मी खाण्यात दिवस घालवले होते आणि फुले घेऊन आले नव्हते. जे बरोबर आणले नाही ते लिहायचे नाही. ती तीन घरे मी कोरी सोडली. बाकीचे सगळे काकूंच्या उंबऱ्यावरून आत आले होते आणि अजून आतच होते. संध्याकाळी निकाल फळ्यावर लागला, तो मी माझ्या नावापुढून उतरवून घेतला.

वीसपैकी सतरा.